आमची वाटचाल: पन्नास पानांपासून लॉनवरच्या लग्नापर्यंत

नाशिकमध्ये लग्नाच्या जेवणावळी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. मधला पौषही बऱ्याच घरांत वर्ज्य असतो. गंगापूर रोडची लॉन्स गच्च भरतील अशा तारखा वर्षात मोजक्याच उरतात. आमचा केटरिंगचा व्यवसाय पंचवटी आणि इंदिरानगरातल्या डोहाळेजेवण, बारसं, वास्तुशांत अशा चाळीस-पन्नास पानांच्या कामांवर उभा राहिला. मोठी लग्नं हातात आली तरी ही कामं आम्ही सोडली नाहीत, कारण लग्नाची ऑर्डर बहुतेक वेळा त्याच घरांतून येते.

चातुर्मासात सत्यनारायण, मंगळागौर, गणपतीचे महाप्रसाद, मग पितृपक्ष असं चालतं. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला विधींसाठी बाहेरगावची कुटुंबं येतात. त्यांना कांदा-लसणाशिवायचा, ठरल्या वेळी पोचणारा स्वयंपाक लागतो. नारायण नागबळी तीन दिवस चालतो, म्हणजे एकाच कुटुंबाची दहा-बारा पानं सलग तीन दिवस. यात नफा थोडा, पण आचारी आणि वाढपी बांधलेले राहतात, आणि याला आम्ही फार किंमत देतो. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-निफाडकडे द्राक्षकाढणीला माणसं लागतात. तेव्हा ऐन लग्नसराईत पुऱ्या लाटायला बायका शोधायला निघालं, तर मिळत नाहीत.

अधिक महिना आला की गणित बदलतं. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, म्हणजे उन्हाळी मुहूर्तांचा मोठा तुकडाच गेला. त्या महिन्यात काम धोंड्याच्या जेवणाचं आणि अनारशांचं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत निथळून ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळून पीठ चार-पाच दिवस मुरवायचं. गूळ जास्त झाला किंवा पीठ फार ओलं राहिलं की अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो. आधी एकच तळून बघायचा. हसला तर पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळायची. ऑर्डर आदल्या दिवशी घेऊन हे जमत नाही, म्हणून जुन्या ग्राहकांना आम्ही पंधरा दिवस आधी फोन करतो.

लग्नाच्या पहिल्या भेटीत दर सांगायची घाई करत नाही. मुहूर्त किती वाजताचा, पंगत की बुफे, जैन पाहुणे किती, गावाकडचे किती, लॉनवर पाणी टँकरचं की नळाचं, भटारखान्यावर छप्पर आहे का, हे आधी विचारतो. कोटेशनमध्ये 5 टक्के जीएसटी वेगळा दाखवतो. ताटांची संख्या चार दिवस आधी पक्की होते आणि तिच्यावर दहा टक्के शिधा आम्ही जादा ठेवतो.

पुऱ्या, मसालेभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड, मठ्ठा अशा शहरी पंगतीत शंभर पानांना तांदूळ 6 ते 7 किलो, पुऱ्यांची कणीक 8 किलो (माणशी पाच-सहा पुऱ्या), बटाटे 10 किलो, मठ्ठा 15 लिटर, उन्हाळ्यात 20. एकच गोड असेल तर श्रीखंड 10 ते 12 किलो; जिलेबी सोबत असेल तर 6 ते 7 पुरतं. गावाकडच्या जेवणात भातावर भर असतो, तिथे तांदूळ 9 किलोच्या खाली धरत नाही.

बिघाड बहुतेक मुहूर्त लांबल्याने होतो. साडेबाराचं लग्न दीडला लागलं की मोठ्या पातेल्यातला मसालेभात स्वतःच्याच वाफेवर शिजत राहतो आणि तळाशी गोळा होतो. म्हणून एका पातेल्यात 10 किलोपेक्षा जास्त तांदूळ घालत नाही, पहिलं पातेलं अंतरपाट धरल्यावरच चढवतो, आणि उतरलेला भात परातीत मोकळा करतो. वरण आणि भाज्या 60 अंशांच्या वर गरम राहिल्या पाहिजेत. श्रीखंडाचं उलट. चक्क्यातलं पाणी पुरतं निथळलेलं नसेल तर साखर घातल्यावर श्रीखंड सैल पडतं, आणि एप्रिलच्या उन्हात तासाभरात आंबटतं. मठ्ठ्यात बर्फ टाकत नाही, भांड्याच्या बाहेरून लावतो.

बुफेत खरी ओढाताण ताटांच्या मोजणीवरून होते. आम्ही ताटं घरच्या एका जबाबदार माणसासमोर मोजून काउंटरवर ठेवतो, आणि जेवणं संपल्यावर उरलेली त्याच्याच समोर मोजून दोघांच्या सह्या घेतो. हे काम मुलाच्या वडिलांकडे द्यायचं नाही, त्यांना त्या दिवशी उसंत नसते. मामा किंवा काका बरे. निम्मी रक्कम तारीख धरताना, चाळीस टक्के आठवडाभर आधी, उरलेली हिशोब जुळल्यावर. उरलेलं अन्न कुणाला द्यायचं हेही आधीच विचारून ठेवतो, कारण ते नेणाऱ्याला वेळेत कळवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी फोन करतो आणि जेवणात काय उरलं, काय कमी पडलं ते विचारतो. प्रत्येक घराची वहीत नोंद असते: तिखट किती चालतं, आजोबांना साखर चालत नाही, आजींचा उपवास कोणत्या वारी. वर्ष-दोन वर्षांनी त्याच घरातून डोहाळेजेवणाचा फोन येतो, तेव्हा आजोबांसाठी बिनसाखरेची खीर आम्ही न सांगता यादीत धरलेली असते.