शुगर केल्प : निळ्या दिव्याचा दुटप्पीपणा

शुगर केल्प या तपकिरी समुद्री शैवालाच्या बाटल्या लाल दिव्याखालून निळ्या दिव्याखाली हलवल्या आणि अखेर अंडी दिसली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मागचं थोडक्यात. पात्यावरचा गडद, बीजाणूंनी भरलेला पट्टा म्हणजे सोरस. तो पुसून, कागदात गुंडाळून रात्रभर थंड अंधारात ठेवायचा आणि सकाळी गार, निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात सोडायचा. थोड्याच वेळात पाणी गढुळतं. तो गढुळपणा म्हणजे दोन-दोन कशाभिकांनी (शेपटीसारख्या धाग्यांनी) पोहणारे बीजाणू, म्हणजेच झूस्पोर. ते काचेला चिकटले की गोल होतात, प्रत्येकातून एक नळी फुटते, आतला सगळा ऐवज नळीच्या टोकाशी सरकतो आणि मागे रिकामं टरफल उरतं.

यातून उगवतं ते केल्प नव्हेच. ती असते गुणसूत्रांचा एकच संच असलेली, सूक्ष्म तंतूंची पिढी, म्हणजे गॅमेटोफाइट. नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या पेशी जाड. नराच्या बारीक आणि फांद्या दाट. (इथे आपल्यासारखं एक्स-वाय नाही. यू गुणसूत्र आलं तर मादी, व्ही आलं तर नर. आणि हा निकाल फलनाच्या वेळी नाही, बीजाणू बनतानाच लागतो.)

लाल प्रकाशात हे तंतू नुसते वाढत राहतात. खतपाणी भरपूर असलं तरी प्रजननाचं नाव नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं साठवता येतात. अंडी धरायला निळा प्रकाश लागतो आणि पाण्यात लोहही लागतं. म्हणून साठवणीच्या बाटल्यांत मी लोह घालतच नाही. चुकून उजेड पडला तरी दुसरी कडी लागलेली असते.

आता खरी गंमत. निळ्या प्रकाशाने अंडी तयार होतात, पण तोच प्रकाश ती बाहेर पडू देत नाही! दिवे गेल्यावर, अंधाराच्या पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक अंडी सुटतात. भर उजेडात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसण्यात अर्थ नाही. मी दिव्यावर लाल फिल्टर लावून पाहिलं. मादीच्या फुगीर पेशीचं टोक फाटलं, तपकिरी गोळा त्या भोकातून चेंगरत वर आला आणि टोकावरच बसून राहिला. अंड्यातून लॅमॉक्सिरीन नावाचं रसायन पाण्यात सुटतं. त्याचा वास लागताच आसपासच्या नराच्या पेशी काही सेकंदांत फुटतात आणि शुक्राणू अंड्याकडे धावतात. शुक्राणू माझ्या भिंगाला पेलले नाहीत, पण शेजारच्या नराच्या टोकाकडच्या पेशी रिकाम्या झालेल्या स्पष्ट दिसल्या.

काही अंडी आता लांबट होऊन विभागू लागली आहेत. तापमान १० ते १२ अंशांवरच ठेवलंय. एका बाटलीत डायटम, म्हणजे नको असलेली एकपेशीय सूक्ष्म शैवालं, शिरलेत. जर्मेनियम डायऑक्साइडने ते आटोक्यात येतात, पण मात्रा वाढली तर तपकिरी शैवालालाही झळ बसते. तेव्हा आधी निरोगी तंतू निवडून स्वच्छ पाण्यात हलवणार, औषधाचं नंतर.