दहा टक्क्यांचा भागीदार

इचलकरंजीत दिवाणी वकिली करायची म्हणजे सुताच्या उधारीचे दावे रोजचेच. तरी एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी दोन समन्स घेऊन ऑफिसात आले, तो दिवस माझ्या लक्षात राहिला आहे.

मेव्हण्याच्या सूत पेढीत गुरुजींनी पूर्वी पैसे घातले होते. भागीदारीपत्रात नाव होतं, नफ्या-तोट्यात हिस्सा १० टक्के. पुढे पटेना, म्हणून २०१७ साली भांडवल घेऊन ते बाहेर पडले. स्टॅम्पपेपरवर फारकत झाली. यापुढचं सगळं देणं राहिलेल्या भागीदारांचं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. २०२१ मध्ये पेढी बसली. एका व्यापाऱ्याचं १४ लाख आणि दुसऱ्याचं ९ लाख थकलं होतं. दोन्ही दाव्यांत गुरुजी प्रतिवादी.

"साहेब, मी कधीच बाहेर पडलोय की," गुरुजी म्हणाले. "आणि धरलंच तर माझा हिस्सा दहा टक्के. तेवढे भरतो, मला मोकळं करा."

त्यांना समजावून सांगणं जड गेलं. १९३२च्या भागीदारी कायद्याचं कलम २५ सांगतं की पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार सगळ्यांसोबतही जबाबदार आणि एकटाही जबाबदार. टक्केवारी भागीदारांच्या आपसातली. व्यापारी एकट्या गुरुजींकडून पूर्ण रक्कम मागू शकतो, राहतं घरसुद्धा जप्तीत आणू शकतो. जास्तीचे पैसे बाकीच्यांकडून वसूल करायचे, तर ते गुरुजींनी नंतर बघायचं.

फारकतही आपसातलीच. भागीदार निघाला हे बाहेरच्यांना कळावं म्हणून जाहीर नोटीस द्यावी लागते: भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे, राजपत्रात आणि त्या जिल्ह्यातल्या स्थानिक भाषेच्या एका तरी वर्तमानपत्रात. ती निघेपर्यंत पेढी जे देणं करील, ते निघून गेलेल्याच्याही माथी येऊ शकतं. गुरुजींनी यातलं काहीच केलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. (जीएसटीचंही तसंच. निघाल्याची लेखी खबर महिन्याच्या आत आयुक्तांना दिली नाही, तर ती मिळेपर्यंतच्या कराची जबाबदारी चालू राहते.)

गुरुजींच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. "म्हणजे माझ्या भावानं उचललेल्या सुताचे पैसे आमच्या खिशातून?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. कायदा कठोर आहे, पण मला तो अन्यायाचा वाटत नाही. व्यापारी गुरुजींच्या नावाकडे बघून माल सोडतो, घरातल्या कपाटातली फारकत त्याला कशी दिसणार?

मग मी दोन्ही दाव्यांचे कागद एकेक करून वाचले. १४ लाखवाल्याच्या खतावणीत २०१४ पासूनच्या नोंदी होत्या. वसुलीच्या एका पावतीवर गुरुजींचीच सही होती. तिथे बचाव नव्हता. ९ लाखवाल्याचं पहिलं बिल मात्र २०१९चं. भागीदारी कायद्याच्याच कलम ३२ मध्ये एक सवलत आहे: निवृत्त माणूस भागीदार होता हे ज्याला व्यवहार करताना माहीतच नव्हतं, त्याला तो जबाबदार नाही. त्याला माहीत नव्हतं, हे दाखवायचं कसं? दाव्याला निबंधकाकडचा उतारा जोडला होता. त्यावरची नक्कल दिल्याची तारीख शेवटच्या बिलानंतर पाच महिन्यांची होती. पेढी बुडाल्यावर, कुणाकुणावर दावा लावता येईल हे शोधताना त्याला गुरुजींचं नाव सापडलं होतं. बिलबुकं आणि लेटरहेड मी मेव्हण्याकडून मागवून घेतली. त्यांवर गुरुजींचं नाव असतं, तर 'नाव बघून उधारी दिली' असं म्हणायला त्याला जागा राहिली असती. नाव कुठेच नव्हतं.

उलटतपासणीत मी त्याला एवढंच विचारलं, की हे गृहस्थ भागीदार होते हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? माणूस प्रामाणिक होता. "उतारा काढल्यावर," तो म्हणाला. त्या दाव्यातून गुरुजी सुटले.

मधल्या काळात गुरुजींच्या मुलानं विचारलं, की मित्रांबरोबर धंदा करायचाय, तर यातून वाट कोणती? मी त्याला एलएलपीचं, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं, सांगितलं. २००८च्या कायद्यानं आलेल्या या प्रकारात भागीदार केवळ भागीदार आहे म्हणून संस्थेचं देणं त्याच्या घरावर येत नाही, सहसा घातलेल्या भांडवलापुरतीच झळ बसते. स्वतःच्या गैरकृत्याला मात्र तो स्वतः जबाबदार, आणि फसवणुकीत सामील असेल तर मर्यादाच उरत नाही. शिवाय बँका कर्ज देताना भागीदारांची वैयक्तिक हमी घेतात. तिथे सही केली की एलएलपीची ढाल त्या कर्जापुरती गेली. म्हणून कर्जाचे कागद माझ्याकडे आणल्याशिवाय सही करू नकोस, असं त्याला बजावलं.

जुन्या व्यापाऱ्याशी १० लाखांवर तडजोड झाली. मेव्हण्यानं गोदाम विकून ६ लाख भरले, उरलेले गुरुजींनी ठेव मोडून दिले. फारकतीतली ती ओळ व्यापाऱ्याविरुद्ध निरुपयोगी होती, पण मेव्हण्याविरुद्ध ती पुरेपूर लागू होती. वसुलीचा दावा मी तयार केला. गुरुजी सही करायला धजेनात, सासरच्या माणसांत कटुता येईल म्हणाले. पत्नीनं वकीलपत्र त्यांच्यापुढे सरकवलं. "तो माझा भाऊ आहे," त्या म्हणाल्या, "त्याला मी सांगते. तुम्ही सही करा."