पाच दिवसांचा हवामानाचा अंदाज चुकतो, मग तीन आठवड्यांचा कसा सांगता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं पाहिलं तर बहुतेक जण हे विचारत नाहीत, टोमणा म्हणून टाकतात: "परवाचा पाऊस तुम्हाला धड सांगता येत नाही आणि तीन आठवड्यांपुढचं बोलता?"

तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी पाऊस पडेल का, हे मला कधीच सांगता येणार नाही. आजच्या नोंदींतली बारीकशी चूक दोनेक आठवड्यांत इतकी फुगते की रोजचा अंदाज तिथे संपतोच. मी बोलतो ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. हिंदी महासागरावर, विषुववृत्ताच्या आसपास, हजारो किलोमीटर पसरलेला ढगांचा समूह उभा राहतो आणि पूर्वेकडे सरकू लागतो. वेग सेकंदाला सुमारे 5 मीटर, म्हणजे तासाला 18 किलोमीटर. सायकलवालाही त्याला गाठेल. मागोमाग तेवढाच मोठा कोरडा टापू येतो, आणि 30 ते 60 दिवसांनी पाळी पुन्हा सुरू होते. इतकी अवाढव्य आणि संथ गोष्ट आज कुठे आहे हे कळलं, की तीन आठवड्यांनी ती साधारण कुठे असेल याचा अदमास बांधता येतो. दिवस नाही सांगता येत. ओला काळ की कोरडा, एवढं सांगता येतं.

हिला मॅडन-ज्युलियन दोलन म्हणतात, आम्ही नुसतं एमजेओ. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये प्रशांत महासागरातल्या कँटन बेटावरून हवा मोजायला सोडलेल्या फुग्यांच्या जवळपास 10 वर्षांच्या नोंदी चाळल्या. खालचा वारा आणि खूप वरचा वारा 40-50 दिवसांच्या तालात हेलकावत होते, आणि तेही एकमेकांच्या उलट. एका चिमुकल्या बेटावरच्या फुग्यांतून एवढं! (चिनी संशोधकांनी असाच ताल 1963 मध्येच नोंदवला होता. पण लेख चिनी भाषेत, त्यामुळे बाहेरच्या जगाचं लक्ष जायला अर्धशतक लागलं. भाषेची किंमत अशीही मोजावी लागते.)

जून ते सप्टेंबरमध्ये ढगांचे पट्टे विषुववृत्तावरून उत्तरेकडेही चढतात. डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून हे दाखवलं. भारतातल्या पावसाचा जोर आणि त्यात पडणारा खंड यांचा या ये-जा करण्याशी जवळचा संबंध आहे. असो, त्यावर एकदा वेगळं लिहायला हवं.

आता टोमण्यातला खरा भाग. एमजेओच्या या लाटेचं मॉडेल करणं, म्हणजे ती संगणकावर गणिताने उभी करणं, आम्हाला अजूनही नीट जमत नाही. लाट बनली आहे गडगडाटी ढगांची, आणि ढग असतो काही किलोमीटरचा. हवामानाचं मॉडेल मात्र पृथ्वीवर चौकोनांची जाळी टाकून गणित करतं, आणि त्यातला एक चौकोन बऱ्याचदा 100 किलोमीटरचा. म्हणजे ज्या विटांची ही भिंत, त्या विटाच मॉडेलला दिसत नाहीत. मग आम्ही ढगांचा घाऊक हिशेब मांडतो: चौकोनात एवढी उष्णता, एवढी वाफ, तर सरासरी एवढा पाऊस.

या हिशेबातले ढग फार उतावळे असतात. जरा वाफ साठली की बरसून मोकळे. खरी लाट पुढे सरकते ती पूर्वेकडे वाफ हळूहळू साठत जाते म्हणून, आणि साठायलाच वेळ मिळाला नाही तर लाट उभी राहणार कशी? वर इंडोनेशियाची बेटं वाटेत येतात. तिथले डोंगर आणि दिवसा तापणाऱ्या जमिनीवरचा रोजचा पाऊस यांत खऱ्या लाटाही कधी कधी विरतात; मॉडेलमधल्या तर जरा जास्तच.

उपाय माहीत आहे. चढणारा ढग बाजूची कोरडी हवा आत ओढतो आणि मरगळतो. हिशेबात ही ओढ वाढवली, की भोवतालची हवा पुरेशी दमट होईपर्यंत ढगांना थांबावं लागतं. मी ते करून पाहिलं. एक आकडा बदलला, आठवडाभर गणित चालू ठेवलं आणि आलेखावर तिरकी रेघ उमटली: लाट पूर्वेकडे चालली होती, इंडोनेशिया ओलांडून. मी तो आलेख सगळ्यांना दाखवत सुटलो. दोन दिवसांनी एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "वर्षाची सरासरी पाहिलीस का?" पाहिली नव्हती.

पाहिली तेव्हा कळलं, सरासरी पाऊस आधीपेक्षा वाईट झाला होता. यात माझं वेगळेपण काहीच नाही. हा सौदा कित्येक मॉडेलांत दिसला आहे. एक सुधारा, दुसरं बिघडतं. जाळी बारीक करून ढगच प्रत्यक्ष मोजणं, हा दुसरा रस्ता. जपानी गटाने अर्थ सिम्युलेटर या महासंगणकावर 7 किलोमीटरच्या जाळीने डिसेंबर 2006 ची लाट हुबेहूब उभी केली. पण ती एकच धाव होती, म्हणजे एका महिन्याच्या हवामानाचं गणित. शेकडो वर्षांचं हवामान, किंवा दर आठवड्याला कित्येक धावांचा अंदाज इतक्या बारीक जाळीवर काढायचा म्हटलं, तर संगणकाचा वेळ आणायचा कुठून?

मॉडेलची माझी ती आवृत्ती अजून चाचणीतच आहे. लाट तिच्यात झकास चालते. प्रशांत महासागरावर मात्र नको तिथे पाऊस पडतो.