पुअर व्हॅलीतला ऑगस्ट

व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य टोकाला, टेनेसीची हद्द लागायच्या थोडं अलीकडे, क्लिंच माउंटन नावाचा लांबच लांब डोंगर पसरलेला आहे. त्याच्या पायथ्याशी पुअर व्हॅली. नावावरूनच जमिनीचा कस कळावा. तिथल्या हिल्टन्स गावाजवळ ‘कार्टर फोल्ड’ म्हणून एक सभागृह आहे. दर शनिवारी संध्याकाळी तिथे गाणं असतं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, ‘कंट्री’ म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतलं संगीत गाणाऱ्या कार्टर कुटुंबाच्या स्मरणार्थ मोठा मेळा भरतो. नवऱ्याच्या केमिकल कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही जवळच्या किंग्जपोर्टला राहायला आलो. शेजारीण पहिल्याच उन्हाळ्यात मला तिकडे ओढून घेऊन गेली. पुढच्या वर्षी मी प्रेक्षकांत नव्हते, स्वयंपाकघराच्या खिडकीमागे मक्याचा पाव कापत होते. तेव्हापासून ऑगस्टात भारतात जायचं तिकीट मी काढत नाही. श्रावणातले सगळे सण त्यापायी बुडतात आणि माहेरचे दरवर्षी न चुकता तोंड वाकडं करतात.

मेळ्याची सुरुवात कशी होते ते सांगत बसत नाही. स्वागत, आभार, सूचना, कुणाच्या तरी गाडीचे दिवे चालू राहिलेत, हे आपल्याकडच्या कुठल्याही स्नेहसंमेलनात असतं तेवढंच. दारू नाही आणि सिगारेट नाही, हेही पुन्हा एकदा बजावलं जातं. मग एक गोष्ट येते. ती सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी कुणी उठून चहाकॉफीला जात नाही.

साल १९२७. तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन जवळच्या ब्रिस्टल शहरात आला होता. टोप्यांच्या एका कंपनीच्या रिकाम्या जागेत त्याने मुक्काम टाकला होता. ए. पी. कार्टरच्या मनात आलं की आपणही जावं, बायको सारा आणि भावजय मेबल यांना घेऊन. पण गाडी होती धाकट्या भावाची, एझराची. मेबल त्याचीच बायको, वय अठरा आणि आठवा महिना लागलेला. तो कसला पाठवतोय! शेवटी ए. पी.ने त्याच्या मक्यातलं तण काढून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे गाडी मिळाली आणि वहिनीही मिळाली. वाटेत नदी, खड्डे, पंक्चर. गाडीत साराचा तान्हा मुलगा, जो नावाचा, आणि त्याला खेळवायला त्याची आठ वर्षांची बहीण ग्लॅडिस. १ आणि २ ऑगस्टला मिळून सहा गाणी झाली, एका गाण्याचे पन्नास डॉलर. १९९८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून ब्रिस्टलला कंट्री संगीताचं जन्मस्थान म्हटलं. तिथे आता संग्रहालय आहे, पाट्या आहेत, पर्यटक आहेत. माझं विचाराल तर जन्म एझराच्या मक्याच्या शेतातच झाला.

त्या गाडीतला तान्हा जो म्हणजेच पुढे हे सभागृह बांधणारा जो कार्टर. वडिलांनी, ए. पी.ने, १९६० मध्ये डोळे मिटण्याआधी मुलीला, जॅनेटला, गळ घातली होती की आपलं गाणं बंद पडू देऊ नकोस. जॅनेटबाई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायच्या. हाताशी पैसा नाही. तरी १९७४ साली त्यांनी वडिलांच्या जुन्या दुकानात शनिवारचं गाणं सुरू केलं. दुकान पुरेना, म्हणून दोन वर्षांनी जोने टेकडीच्या उताराचा उपयोग करून मोठी जागा उभी केली. रेल्वेचे जुने स्लीपर, जुन्या स्कूल बसची बाकं, असं मिळेल ते लावून. आठशेच्या वर माणसं बसतात. खाली मंचासमोर मोकळी लाकडी जमीन आहे. तिथे बुटांना पत्र्याच्या टिकल्या ठोकलेल्या आज्या आणि त्यांची नातवंडं एकाच वेळी नाचत असतात. बँजो वेगात आला की त्या टिकल्यांचा कडकडाट असा होतो की खिडकीमागे मला पुढच्या माणसाने काय मागितलं ते ऐकू येत नाही.

वाद्यांना वीज लावायची नाही, असा तिथला नियम आहे. फिडल, बँजो, गिटार, मँडोलिन, उभा बास आणि ऑटोहार्प. ऑटोहार्प पाहिल्यावर मी पहिल्यांदा जवळ जाऊन बसले, कारण मी मिरजेची. सतारमेकर गल्लीत तारा लावण्याचा आवाज ऐकत वाढलेल्या मुलीला ते स्वरमंडळाचं भावंड वाटणारच. फरक एवढाच की याला वर पट्ट्या असतात. पट्टी दाबली की नको त्या तारा मुक्या होतात आणि हव्या त्याच वाजतात. जॅनेटबाई ते छातीशी उभं धरायच्या, लेकराला खांद्यावर घेतल्यासारखं. मिरजेला खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या पुण्यतिथीला दर्ग्यात मैफल होते आणि गाणारे तिथे हजेरी म्हणून गातात. हिल्टन्सला मी जे पाहते त्याची जात तीच. फक्त इथे दर्गा नाही, पलीकडे चर्चच्या दफनभूमीत ए. पी. आहेत.

मेबलच्या अंगठ्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गिटार तोवर साथीचं वाद्य होतं, मागे झणझण करणारं. मेबलने अंगठ्याने जाड तारांवर सगळी चाल वाजवली आणि त्याच हाताच्या बोटाने बारीक तारांवर ठेका धरला. एकाच बाईकडून दोन माणसांचं काम! मेळ्याच्या दिवशी दुपारी झाडाखाली पोरं गिटार घेऊन बसतात तेव्हा हे जवळून पाहता येतं. मागच्या एका खेपेला दहाएक वर्षांचा मुलगा होता. अंगठ्यात प्लास्टिकची नखी घातलेली आणि ती सैल, दर दोन ओळींनी घसरायची. तो थांबायचा, ती दातांनी दाबून पुन्हा घट्ट करायचा आणि जिथे सोडलं तिथूनच उचलायचा. शेजारी बसलेले त्याचे आजोबा एक शब्द बोलत नव्हते, नुसता पाय हलत होता. चाल मेबलचीच होती. ती १९७८ मध्ये गेली, या पोराचे आईबापही तेव्हा जन्मले नसतील.

मूळ त्रिकूट काही कायम टिकलं नाही. साराचं आणि ए. पी.चं पटेना. १९३६ मध्ये घटस्फोट झाला, तरी १९४३ पर्यंत दोघं एकत्र गात राहिले. आमच्याकडच्या बायका हे ऐकून ‘अगंबाई, शेजारी शेजारी उभं राहून?’ म्हणतात. हो, आणि गाणी काय, तर मोडलेल्या घरांची आणि प्रभूच्या घराची. पुढे मेबलने आपल्या तिन्ही मुली, हेलन, जून आणि अनिता यांना घेऊन नवा ताफा उभा केला. जूनने १९६८ मध्ये प्रसिद्ध कंट्री गायक जॉनी कॅशशी लग्न केलं आणि आमची व्हॅली जगाच्या नकाशावर आली. जॉनी आला की विजेचा नियम तेवढ्यापुरता शिथिल व्हायचा. जावई शेवटी जावई, हे अमेरिकेतही चालतं.

आता माझं म्हणून जे काही आहे ते सांगते. ब्लूग्रासची, म्हणजे बँजो-फिडलवरची, वेगवान गाणी मला आवडतात, विनोदी आवडतात. जो प्राण्यांचे आवाज काढायचा तेव्हा खिडकी सोडून मी बाहेर यायची. पण घशात आवंढा येतो तो जॅनेटबाई बोलायला लागायच्या तेव्हा. वडिलांना दिलेला शब्द, एवढाच विषय. भाषणाचा थाट नाही, आवाज चढवणं नाही, डोंगरातली ती सावकाश बोली. मग घरातली माणसं एकेक करून मंचावर यायची. भाऊ, मुलगा, मुलगी, भाचरं, कडेवरचं पोरही. आणि सगळी मिळून भक्तिगीत सुरू करायची. आईच्या अंत्ययात्रेचं ते गाणं आलं की सभागृह उठून उभं राहतं. मी पाव कापायची सुरी खाली ठेवते, कारण त्या वेळी कुणी काही मागत नाही आणि मागितलं तर मी देणार नाही. जो २००५ मध्ये गेला आणि जॅनेटबाई २००६ च्या जानेवारीत. त्या ऑगस्टात आता काय होणार, अशी धाकधूक सगळ्यांनाच होती. जॅनेटबाईंची मुलगी रीटा फॉरेस्टर उभी राहिली. रीटाचा भाऊ डेल जेट आजोबांची गाणी गातो. शब्द पुढच्या पिढीकडे गेला.

असंच एक बोलणं २००३ चं. जून मे महिन्यात गेली. ५ जुलैला जॉनी कॅश फोल्डवर आला. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, मंचावर धरून आणावं लागलं. गाण्याआधी त्याने जूनबद्दल चार ओळी वाचल्या. तिचं असणं आज आपल्याला वेढून आहे आणि ती थोड्या वेळासाठी वरून येऊन बळ देऊन जाते, अशा अर्थाच्या. लोकांसमोर तो गायला तो तिथे शेवटचाच. सप्टेंबरात तो गेला. मी तेव्हा पुतण्याच्या लग्नाला मिरजेत होते. सभागृहात माणसं मावतात आठशे-साडेआठशे, पण त्या रात्री ‘मी होतो’ म्हणणारे मला आजवर निदान पाच हजार भेटलेत.

एक नाव मात्र मंचावरून घेतलं गेलं नाही तर मी खालून आठवण करून देते. लेस्ली रिडल. आमच्या किंग्जपोर्टला राहणारा कृष्णवर्णीय गिटारवादक, अपघातात एक पाय गमावलेला. ए. पी. त्याला घेऊन डोंगरोडोंगरी गाणी गोळा करत फिरायचा. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा आणि चाल रिडलच्या डोक्यात राहायची. ज्या काळात दोघांना एका टेबलाशी बसून जेवणंही अवघड, त्या काळातली ही गोष्ट. मेबलही त्याच्याकडून वाजवायला शिकली. तबकड्यांवर त्याचं नाव नव्हतं. म्हणून मी जरा जास्तच मोठ्याने घेते.

आता रुसवा. आमच्या भागातली मराठी मंडळी गणपतीला दोन-दोन तास गाडी चालवून येतात, दिवाळी फराळाला तर जागा पुरत नाही. फोल्ड घरापासून किती जवळ! मी दरवर्षी सांगते. एक म्हणतो, शेतकऱ्यांचं गाणं. दुसरीला उशी न घालता बाकावर बसवत नाही. तिसऱ्यांना कॅशचं नाव ऐकून यायचं होतं. आले, फोटो काढले आणि भक्तिगीतं सुरू व्हायच्या आत निघाले, का तर सोमवारी मुलाची शाळा. मेळा शनिवारी असतो! बाकी डॉक्टर साठे... नको, नाव नको. पण एक निवृत्त डॉक्टर पतिपत्नी दरवर्षी येतात, पुढून तिसऱ्या रांगेत बसतात आणि शेवटपर्यंत उठत नाहीत, हे इथे नोंदवून ठेवते.

आणि ज्यांच्यावाचून काही झालं नसतं ते. राजमासारख्या शेंगदाण्यांची, छे, पिंटो बीन्सची आमटी पहाटेपासून ढवळणाऱ्या दोघी बहिणी. केक करून आणणाऱ्या चर्चमधल्या सगळ्याजणी, विशेषतः नारळाचा करणारी, जिने मला कृती अजून दिलेली नाही. पत्र्याच्या पेटीत तिकिटाचे पैसे मोजणारे मास्तर. गवतावर गाड्या लावून देणारी, अंधार पडला की विजेऱ्या हलवणारी हायस्कूलची मुलं. नाचाची जमीन दर मध्यंतरात झाडून घेणारा उंच गृहस्थ. ध्वनिक्षेपकाच्या वायरी गुंडाळणारा आणि त्यावर पाय पडला की रागावणारा. आजींना उतारावरून हात धरून खाली आणणारी नर्स. मला पहिल्यांदा घेऊन जाणारी माझी शेजारीण, जी आता नाही. कांदे चिरणारा माझा नवरा, ज्याला बँजो अजिबात आवडत नाही तरी येतो. भांडी पुसणारी माझी मुलगी आणि यंदा पहिल्यांदाच तिच्यासोबत आलेला जावई. कचऱ्याच्या पिशव्या नेणारे दोघे भाऊ. आणि हो, बर्फ आणणारा! त्याचं राहिलं असतं तर पुढच्या ऑगस्टात आम्हाला गरमच सरबत विकावं लागलं असतं.