बर्फवाला आणि दादाची टेली

"कुठलीही गिटार घे बाबा, आवाज तुझाच येतो."

बास, एवढंच म्हणाला चिरंजीव. मोबाईलमधनं मान वर न काढता म्हणाला आणि उठून फ्रीजकडे गेला. झाले त्याला काही दिवस, पण माझ्या डोक्यातनं ते जात नाहीये. कौतुक होतं का टोमणा होता? तो कुठल्या सुरात म्हणाला ते आठवून आठवून बघतोय, पण त्याचं सगळंच एका सुरात असतं, जेवायला काय आहे हेही तो तसंच विचारतो. हिला विचारलं तर म्हणे, तू ना, कशावरही विचार करत बसतोस. बरं.

मुद्दा असा की मी त्या वेळी दादाची टेली वाजवत होतो. खरी फेंडर टेलिकास्टर. दादा वर्षभर हात लावत नाही, वहिनी म्हणाली घेऊन जा, निदान कपाटावरची जागा तरी मोकळी होईल. आणि ती आणल्यापासून घरात ब्लूज गिटारवाला आल्बर्ट कॉलिन्स सोडून दुसरं काही लागलेलं नाही. म्हणजे मनातनं मला असं वाटत होतं (लिहायला लाज वाटते, पण रोजनिशी आहे) की टेली हातात आली की थोडा तरी तो आवाज येईल. पूर्ण नाही हो, एक आणा. आणि तेवढ्यात हे, आवाज तुझाच येतो.

कॉलिन्सचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. पहिला सूर आला की माणूस दचकतो. डिसेंबरात पहाटे नळाखाली हात धरल्यावर जे होतं ना, तसं. गरम, गोड, जाड असलं काही नाही त्यात. टेक्सासचा माणूस, 1932 चा जन्म, जिथं उन्हाळ्यात डांबर वितळतं तिथला, आणि रेकॉर्डींची नावं बघा, 1958 ला 'द फ्रीझ', मग 'फ्रॉस्टी', पुढं 'आइस पिकिन', 'फ्रॉस्टबाइट', 'कोल्ड स्नॅप'. बँडचं नाव आइसब्रेकर्स. त्याला आइसमनच म्हणायचे. एकदा धंदा ठरला की ठरला.

लोक म्हणतात टेलीचा आवाज. मीही तेच म्हणायचो. ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथं टेकतात तिथं, तो एक पिकअप (तारेचा आवाज पकडणारं चुंबक), खाली लोखंडी पत्रा, त्यामुळं टणत्कार येतो, वगैरे सगळं खरं आहे. पण कॉलिन्सची टेली धड साधीसुद्धा नव्हती, 1966 ची कस्टम, आणि मानेच्या बाजूचा मूळचा पिकअप काढून तिथं गिब्सनचा हंबकर, म्हणजे दुहेरी गुंडाळीचा पिकअप, बसवलेला. आवाज मोठा करणारा अँप फेंडरचा क्वाड रिव्हर्ब, शंभर वॅटचं ते धूड, बारा इंची चार स्पीकर, ट्रेबल वर, बास खाली. आणि केबल म्हणे शंभर फुटी, वाजवत वाजवत स्टेजवरनं उतरायचा, लोकांमधनं चालत थेट दाराबाहेर रस्त्यावर. हे सगळं सामान उद्या माझ्यासमोर आणून ठेवलं तरी काय होणार ते चिरंजीवांनी सांगितलंच आहे.

कारण खरी गंमत त्याच्या उजव्या हातात आहे. पिक, म्हणजे तार छेडायची ती चपटी पट्टी, नाहीच. अंगठा आणि बोटं. आणि तार छेडत नाही तो, तार ओढतो, वर उचलून सोडून देतो, ती परत फ्रेटवर, मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटते आणि तो जो 'टक' आहे सुराच्या आधीचा, तोच तो बर्फ. व्हिडिओत बघितलं तर अंगठा असा काही चालतो की वाटतं तारेशी वैर आहे याचं. मी हे करून बघितलं. अंगठ्याला आतल्या बाजूनं अजून दुखतंय, आणि आवाज आला तो तार सैल झाल्यासारखा.

दुसरं म्हणजे सूर. गिटार जशी सगळे लावतात तशी त्यानं लावलीच नाही कधी. एफ मायनरमध्ये मोकळ्या तारा, जाड तारेपासून मोजलं तर आपल्या हिशोबात सा प सा, कोमल ग, प सा. म्हणजे डावा हात न लावता नुसता हात फिरवला तरी गिटार उदासच बोलणार. लहानपणी तो पियानो शिकत होता, नात्यातल्याच एका भावानं, विलो यंगनं, त्याला गिटारवर ही पद्धत दाखवली. (ब्लूजमधला बडा लाइटनिन हॉपकिन्सही नात्यातलाच, काही घरांमध्ये काय वाटलं जातं आणि आमच्याकडं काय, जाऊ दे.) आणि वर कॅपो, सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा! पाचव्या, सातव्या, नवव्या फ्रेटवर. आमच्या क्लासमध्ये कॅपो म्हणजे ज्यांना बार कॉर्ड जमत नाही त्यांनी लावायची वस्तू, सर असं बघायचे की नको रे बाबा. कॉलिन्सनं ते गेटमाउथ ब्राऊन या गिटारवाल्याकडनं उचललं आणि आयुष्यभर काढलं नाही. तारेची लांबी कमी होते, आवाज आणखी टोकदार होतो.

म्हणजे बघा, सूर लावायची पद्धत 'चुकीची', पिक नाही, कॅपो लावलेला. कुठल्याही क्लासमध्ये पहिल्या दिवशी याला बाजूला बसवला असता. आणि मी? मी सगळं नीट शिकलो. पिक कसा धरायचा, मनगट कसं ठेवायचं, मेट्रोनोम, स्केलच्या पाच पोझिशन. मग पुढं यूट्यूब, मग पेडल (पायानं दाबून आवाज बदलायची डबी), मग दुसरा पेडल, कारण पहिल्यानं 'तो' आवाज येईना. जे जे म्हणून खरखरीत होतं ते घासून घासून काढलं. आणि आता त्यातनं जो उरतो तो आवाज 'तुझाच' म्हणे. माझा कसला, रविवारच्या बॅचचा आवाज तो. त्या बॅचमधले सगळे आज कुठंकुठं असतील, बंगलोर, दुबई, न्यू जर्सी, आणि सगळे हुबेहूब एकसारखे वाजवत असतील, शनिवारी रात्री, दार लावून, हळू आवाजात, कारण बाळ झोपलंय.

बुधवारी तर कहर झाला, ऑफिसच्या बसमध्ये एकदम वाटलं की आपलं म्हणून काहीच नाहीये. गिटारचं नाही, एकूणच. सही सोडून. आमचा बँड होता तेव्हा तरी... ते असो. बाबा गेल्यावर त्यांच्या वह्यांमध्ये पण सगळं दुसऱ्यांचंच उतरवलेलं सापडलं होतं, सुंदर अक्षरात. तो विषय आत्ता नको.

रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन न लावता 'टू मेनी डर्टी डिशेस' लावलं. 1986 चं, 'कोल्ड स्नॅप'मधलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गाण्यात हा बाबा तक्रार करतोय की भांडी घासावी लागतात, आणि मध्येच गाणं सोडून गिटारवर भांडी घासून दाखवतो. खरोखर. तारांवर खर्र खर्र, चिकटलेलं निघत नाही तसं, मग थोडा जोर, मग परत खर्र. ही ओट्यापाशी होती. पाणी बंद करून ऐकायला लागली. म्हटली, हा माणूस भांडी घासलेला आहे. नुसतं बघून कुणाला तो आवाज काढता येणार नाही.

मी उडालोच. कारण मी इतकी वर्षं पिकअप, वॅट, तारेची जाडी यात अडकलोय आणि हिनं एका वाक्यात निकाल दिला. तिला अजून लेस पॉल आणि टेलीतला फरक माहीत नाही (तिच्या मते एक जाडी आणि एक बारीक, जे चूक नाहीये). मग मी तिला 'स्नोड इन' ऐकवलं, त्यात बर्फात अडकलेली गाडी सुरू होत नाही आणि गिटारमधनं स्टार्टर घरघरतो, ती हसली. पुढं 'मास्टर चार्ज' लावलं, त्यात बायको त्याच्या क्रेडिट कार्डावर खरेदी करत सुटलीय, आणि ते लिहिलंय त्याच्या बायकोनंच, ग्वेन कॉलिन्सनं. ते ऐकून जास्त हसली. मी आता थांबावं असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं, थांबलो.

पण त्यातनं एक डोक्यात बसलं. ती गिटार काही लपवत नाही. बाकीच्या गिटारी थोडी दया करतात, सूर जरा लांबवतात, कडा गोल करतात, आपलं निभावून जातं. टेली जसं वाजवाल तसं तोंडावर फेकते. त्यानं ती मुद्दाम त्यासाठी निवडली का, तसं काही नसेल, गेटमाउथच्या हातात बघितली आणि घेतली, एवढंच. पण घेतल्यावर सोडली नाही, आणि त्यातनं जे बाहेर आलं ते त्याला लपवायचंही नव्हतं. भांडी, बिलं, बंद पडलेली गाडी. मधल्या काळात ट्रक चालवला, रंग मिसळायची नोकरी केली. कॅन्ड हीट या बँडच्या बॉब हाइटनं त्याला कॅलिफोर्नियाला नेलं ते साठच्या दशकाच्या शेवटी, आणि शिकागोच्या ॲलिगेटर रेकॉर्ड कंपनीनं 'आइस पिकिन' काढली ती 1978 ला. तेव्हा तो 45 चा होता. हा आकडा मी बराच वेळ बघत बसलो, कारणं सांगायची गरज नाही. मग लक्षात आलं की 45 चा होईपर्यंत तो वीस-पंचवीस वर्षं रात्रीच्या रात्री बारमध्ये वाजवून आला होता आणि मी पेडलचे रिव्ह्यू वाचून आलोय. समाधान तिथंच संपलं.

महबूब स्टुडिओत ब्लूज फेस्टिव्हलला गायिका शेमेकिया कोपलंड येऊन गेली होती, जॉनी कोपलंडची मुलगी. तिचे वडील, कॉलिन्स आणि रॉबर्ट क्रे यांची 1985 ची 'शोडाऊन', तिघं गिटारवाले एकाच रेकॉर्डवर, ग्रॅमी मिळालेली. ती मी आज परत पहिल्यापासून ऐकली, डोळे मिटून, कोण कुठला ते ओळखायचं ठरवून. क्रे आणि कोपलंडमध्ये एखाददुसऱ्या ठिकाणी गडबड झाली. कॉलिन्सला एकदाही नाही. एक सूर, अर्धा सूर, झालं, हा तोच. आता यालाही कुणी म्हणू शकेल की कुठलंही गाणं घे, आवाज तुझाच येतो. याच शब्दांत. 1993 ला गेला बिचारा, कॅन्सरनं, 61 वर्षांचा होऊन.

तर आता मी काय करतोय ते सांगतो. पेडल सगळे खोक्यात. एफ मायनर लावायचं तर सहाच्या सहा तारा वर चढवाव्या लागतात, त्यातल्या दोन चांगल्या दीड सूर, आणि दुसऱ्याच्या गिटारच्या मानेवर तेवढा ताण द्यायची माझी हिंमत नाही. म्हणून डी मायनर केलं, त्यात चारच तारा उतरवायच्या, तेच सा प सा ग प सा, फक्त कॅपो तीन फ्रेट पुढं सरकवायचा. कॅपो आणला, दोनशे रुपयांना, दुकानदारानं विचारलं मुलासाठी का, मी हो म्हटलं. आणि एकही शिकलेली पोझिशन आता चालत नाही, सगळी बोटं चुकीच्या जागी पडतात, इतकं वाईट मी कॉलेजनंतर वाजवलं नव्हतं. चिरंजीव एकदा दारात येऊन उभा राहिला, काहीतरी म्हणणार होता बहुतेक, मी म्हटलं अभ्यास कर.

मगाशी दादाचा फोन आला. रविवारी येतोय, गिटार घेऊन जाईन म्हणाला, सोसायटीच्या कार्यक्रमात कुणी तरी गाणं म्हणायला सांगितलंय. मी सांगितलं की सूर बदललेत. "बदललेत म्हणजे? नीट करून दे रे, मला येत नाही ते." हो म्हणालो. पण मी देणार तशीच. दादा ती पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा नेहमी कसलेही कॉर्ड न धरता नुसता हात फिरवतो, सवय आहे त्याची, तेव्हा त्याचं तोंड मला बघायचंय.