कापसाची खोली

घरकुल मंजूर झालं आणि आमचं मातीचं घर मे महिन्यात पाडायचं ठरलं. यवतमाळ जिल्ह्यातलं साधंच घर. छपरी, माजघर, मागे सांदवाडी, वर कवेलू. दारं इतकी ठेंगणी की पाहुण्यांचं डोकं आपटायचंच. मोबाइलवर फोटो काढले, पण त्यात ते कुणाचंही घर वाटत होतं.

दो हो सूह या कोरियन कलावंताने १९९९ साली सेऊलमधलं आपलं लहानपणीचं घर पातळ हिरवट रेशमी कापडात, खऱ्या मापाने शिवून छताला टांगलं. पुढे त्याच घराला बाहेरून कागद लपेटून, वर ग्रॅफाइट घासून त्याचा ठसाही घेतला. म्हटलं, एवढं तर आपल्यालाही जमेल.

कुठलं काय! त्याचं घर लाकडी. मी माजघराच्या भिंतीवर कागद धरून कोळसा घासला, तर पोपडेच निघून आले. आजी म्हणाली, "भितीले कागद कायले लावून रायला बे? त्यापरीस सारवून दे."

सागाच्या चौकटीवर मात्र ठसा उमटला. कडी लोंबकळून घासत राहिली, तिथे लाकडात चंद्रकोरीसारखी खाच पडली आहे. ती कागदावर काळ्यात पांढरी आली. एवढी वर्षं रोज कडी लावत होतो, खाच कधी दिसली नव्हती.

बैल विकल्यापासून कोठा रिकामाच होता. तिथे आजीची जुनी लुगडी टांगून माजघर उभं केलं. (सहा लुगडी लागली. दोन तिने दिलीच नाहीत.) मापं बिनचूक, तरी काहीतरी चुकत होतं. मग कळलं, देवळी माझ्या छातीशी येत होती. लहानपणी तिथली काडेपेटी काढायला मी पायलीवर चढायचो. देवळी हातभर वर सरकवली.

आणि कापूस. भाव वाढायची वाट पाहत पाच क्विंटल घरात पडून होता, तो आत ओतला. आम्ही पोट्टे दर हिवाळ्यात त्यात उड्या मारायचो आणि रात्रभर अंग खाजवायचो. सरकीचा तो उबट वास आला आणि मी बराच वेळ तिथेच बसलो. खाज सुटली तेव्हाच उठलो.

संध्याकाळी बाबा कापूस पाहायला आले. लुगड्याच्या दाराला वर चौकट नव्हतीच, तरी त्यांनी मान खाली घातली. आत चौफेर पाहिलं.

"उद्या गाडी येऊन रायली," म्हणाले. "रातीच भरून ठेव."