ताण

मे महिना. बाहेर नागपूर पेटलेलं आणि रामदासपेठेतल्या आमच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून उपचार करायच्या खोलीत, एसीने हुडहुडी. त्या दिवशी काटोलकडचे एक संत्रा बागायतदार काका आले होते. यकृतात साडेसहा सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ. कारण हिपॅटायटिस बी. आयुष्यात दारूचा थेंब नाही, तरी गावाने ‘पीत असणार’ म्हणून ठरवून टाकलेलं. याचा मला अजूनही राग येतो.

“ऑपरेशन नाही म्हणजे घरी न्या, असंच ना जी?” मुलाने विचारलं.

तसं नव्हतं. सिरोसिसमुळे, म्हणजे यकृत वण पडून कडक झाल्यामुळे, गाठ कापता येत नव्हती. सुई घालून जाळायची, तर ते साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीलाच चांगलं जमतं. म्हणून ‘टेस’ (TACE) ठरलं होतं, म्हणजे गाठीचं रक्त तोडायचा उपचार. आमच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर यकृत काढलं. त्याला रक्त दोन वाटांनी येतं, जवळपास पाऊण हिस्सा पोर्टल शिरेतून, उरलेलं धमनीतून. गाठ मात्र बहुतेक धमनीवरच पोसते. त्या फांदीत केमोचं औषध सोडायचं आणि फांदी बुजवायची. बाकीचं यकृत शिरेच्या रक्तावर तगतं.

काका कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, मृग बहारासाठी आमी संत्र्याले ताण देतो. पाणी तोडलं का झाड सुकते, अन् मंग असं फुलते का पान दिसत नाही. हे गाठ तशी फुलली तं?”

मॅडम क्षणभर थांबल्या. “फुलू शकते, काका. उपाशी गाठ नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. म्हणूनच महिन्याने सीटी करायचा.” इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुठल्याच पेशंटकडून ऐकला नव्हता.

जांघेतून बारीक नळी यकृतापर्यंत गेली. औषध घोटायचं काम माझं. एका सिरिंजमध्ये केमोचं लालभडक डॉक्सोरुबिसिन, दुसरीत लिपिओडॉल, म्हणजे खसखशीच्या तेलात आयोडीन. इकडून तिकडे ढकलत राहायचं, रंग दाट नारिंगी होईस्तोवर. पडद्यावर गाठ काळी भरत गेली आणि तिची धमनी मिटली. रात्री ताप, पोटात दुखणं, ओकारी. ते अपेक्षितच होतं.

महिन्याने, पहिला पाऊस पडून गेल्यावर, ते सीटी घेऊन आले. गाठ बहुतेक मेलेली, फक्त एका कडेला रक्त पुन्हा पोचत होतं. मॅडमनी बोट ठेवलं.

“फूट आली म्हणा की इथं,” काका म्हणाले, आणि दुसऱ्या टेसची तारीख पिशवीतल्या डायरीत स्वतःच लिहून घेतली.